ब्लोअर वाढवला की नायट्रेट जातं?

एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'नायट्रेट जास्त येतंय? ब्लोअर चोवीस तास चालवा, बायोकल्चर पावडर टाका, नायट्रेट शून्य. पाणी नितळ दिसलं की समजा काम झालं.'

ब्लोअर टाकीत हवा सोडतो, आणि हवेने कमी होतो तो अमोनिया. नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पिरा यांसारखे जिवाणू ऑक्सिजन वापरून त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. म्हणजे अमोनियाचा रिपोर्ट सुधारला तरी नायट्रोजन पाण्यातच असतो, नाव तेवढं बदललेलं. नायट्रेट जातं ते हवा बंद असताना. ऑक्सिजन मिळेनासा झाला की गाळातले दुसरे जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. म्हणून तर अ‍ॅनॉक्सिक टँकमध्ये, म्हणजे हवा न सोडलेल्या टाकीत, नुसता मिक्सर असतो आणि डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली ठेवतात. ब्लोअर भरमसाट चालवला की हवा सोडलेल्या टाकीतून परत फिरवलेल्या पाण्याबरोबर तिथेही ऑक्सिजन पोचतो, आणि तो असेपर्यंत जिवाणू नायट्रेटकडे ढुंकून बघत नाहीत. विजेचं बिल वाढतं ते वेगळंच.

आता पावडर, म्हणजे विकतचे जिवाणू. क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीत, गाळ जास्त वेळ पडून राहिला की बारीक बुडबुडे सुटतात आणि तपकिरी गठ्ठे वर तरंगू लागतात, हे कुठल्याही ऑपरेटरने पाहिलेलं असतं. ते बुडबुडे बहुतेक वेळा नायट्रोजनचेच. जिवाणू हजर आहेत, फक्त नको त्या टाकीत राबताहेत! मग विकत आणून काय साधणार? कमी पडतं ते बहुधा त्यांचं खाणं. एक ग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन घालवायला हिशेबाने २.८६ ग्रॅम सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचं माप, म्हणजेच हे खाणं) लागतो, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त. आणि एरेशन होऊन, म्हणजे हवा देऊन आलेल्या पाण्यात तो फारसा उरलेला नसतो. म्हणून कच्चं सांडपाणी आधी अ‍ॅनॉक्सिकमध्ये घ्यायचं आणि नायट्रेटचं पाणी तिथे परत फिरवायचं. तरी भागलं नाही तर मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटेट.

'शून्य' मात्र या मांडणीत होत नाही. गाळाच्या परतीसह एकूण परतावा, म्हणजे परत फिरवलेलं पाणी, आवकेच्या तिप्पट धरला, तर सगळं सुरळीत चालूनही जास्तीत जास्त ७५ टक्के नायट्रेट जातं. उरलेलं घालवायचं तर पुढे आणखी एक अ‍ॅनॉक्सिक टप्पा लागतो.

आणि नितळपणा? नायट्रेट पूर्ण विरघळतं. त्याला ना रंग, ना वास. चाचणी हाच उपाय, तीही अ‍ॅनॉक्सिक टँकच्या शेवटी वेगळी. तिथे नायट्रेट जवळपास संपलेलं असेल तर परतावा वाढवून बघा. भरपूर उरलेलं असेल तर आधी डीओ तपासा, मग सीओडी.