चार थर आणि एक झिप

आतून बाहेर सांगतो. आधी थर्मल. त्यावर पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, त्यावर आजीने साताऱ्याहून विणून पाठवलेला स्वेटर, त्यावर जॅकेट. खाली दोन पँट. मग मोजे, बूट, कानटोपी, मफलर आणि शेवटी हातमोजे, ज्यांत अंगठा कधीच अंगठ्याच्या घरात जात नाही. हा साज चढवायला आम्हा नवराबायकोला मिळून अकरा मिनिटं लागतात. बारावं मिनिट ठरलेलं आहे.

"बाबा, शू आली."

आमचे चिरंजीव चार वर्षांचे आहेत. आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहतो, तिथे हा खेळ रोज होतो आणि त्याचं आता काही वाटत नाही. पण ऑक्टोबरमधल्या एका रात्री बायको म्हणाली, "नाताळच्या सुट्टीत युरोपात कुठेतरी जाऊ या ना. छोटंसं. चार दिवस, एकच शहर." आणि माझ्या डोळ्यांसमोर एखादा राजवाडा नाही आला, परक्या गावातल्या परक्या चौकात अडकलेली ती झिप आली.

लग्नाआधी आम्ही शहर कसं निवडायचो? स्वस्त तिकीट दिसलं की निवडायचो. पाठीवर एकेक पिशवी, खिशात पासपोर्ट. आता बायकोने एक्सेल उघडलं. उभ्या रकान्यात शहरं आणि आडव्यात तापमान, सूर्यास्त, चढउतार, दगडी रस्ते (बाबागाडीसाठी), शाकाहार, आणि सर्वांत शेवटी, लाल रंगात, संडास. पुढचे तीन आठवडे मुलगा झोपला की आम्ही त्या तक्त्यापुढे बसायचो. एखाद्या देशाचं अंदाजपत्रक इतक्या बारकाईने होत नसेल.

माझ्या मनात व्हिएन्ना होतं. तिथल्या कॉफीहाउसांत म्हणे एक कॉफी मागवून तासन्‌तास बसता येतं, लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं चाळता येतात आणि वेटर हाकलत नाही. मला जर्मन येत नाही, पण वर्तमानपत्र हातात धरता येतं. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, तिथे १७५२ सालचं प्राणिसंग्रहालय आहे, जगातलं सर्वांत जुनं, पोराचीही सोय. बायकोने एकच प्रश्न विचारला, "हा हॉटेलात एका जागी किती वेळ बसतो?" मी खरं उत्तर दिलं. सात मिनिटं. त्यातली तीन टेबलाखाली. वेटर हाकलत नसेल, पण त्याने कधी आमचं पोर पाहिलेलं नाही.

तिला लिस्बन हवं होतं. डिसेंबरातही पंधराएक अंश, सूर्यास्त सव्वापाचच्या पुढे. लंडनमध्ये चारच्या आत दिवे लावणाऱ्या माणसाला सव्वापाच म्हणजे अक्षय्यतृतीया. पण लिस्बन वसलंय टेकड्यांवर, फुटपाथ गुळगुळीत चुनखडीच्या चौकोनांचे, आणि डिसेंबर हा तिथला पावसाचा महिना. ओल्या उतारावर बाबागाडी, बाबागाडीत अठरा किलो, मागे मी. तक्त्यात तिने 'चढउतार' खाली नुसतंच 'हो' लिहिलं आणि लॅपटॉप मिटला. त्या रात्री आम्ही फारसं बोललो नाही.

कोपनहेगनला वेळ लागला नाही. १८४३ पासूनची तिवोली बाग आहे, पाळणे आहेत, पण सूर्य पावणेचारला मावळतो आणि कॉफीच्या किमतीत हॅरोत जेवण होतं. खोडलं.

प्राग मात्र शेवटपर्यंत टिकेल असं वाटलं होतं. तिथे चौकात १४१० सालचं खगोलशास्त्रीय घड्याळ आहे. तासाचा ठोका पडायला आला की वरच्या दोन खिडक्या उघडतात, बारा प्रेषित एकामागून एक दर्शन देऊन जातात, बाजूला उभा असलेला सांगाडा घंटा वाजवतो. मी मुलाला त्याचा व्हिडिओ दाखवला. त्याचे डोळे विस्फारले. व्हिडिओ मिनिटभरात संपला आणि तो म्हणाला, "पुन्हा." मी पुन्हा लावला. "पुन्हा." असं नऊ वेळा. दहाव्या वेळी बायको दारात येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तिथे 'पुन्हा' म्हटल्यावर एक तास थांबावं लागेल." प्रागही गेलं.

बुडापेस्टला गरम पाण्याची कुंडं. सेचेनी स्नानगृह, १९१३ सालचं, बाहेर बर्फ आणि आत वाफाळत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बुद्धिबळ खेळणारे आजोबा. मला ते चित्र इतकं आवडलं की मी टॉवेल शोधायला लागलो. मग कळलं की त्या गरम पाण्यात चौदा वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. म्हणजे एकाने आत आणि एकाने बाहेर कोट घालून पोराला धरून उभं राहायचं. कोण आत, हा प्रश्न निघू नये म्हणून आम्ही दोघांनीही तो काढला नाही. त्याच शहरात १९४८ पासून चालणारी मुलांची रेल्वे आहे. दहा ते चौदा वर्षांची मुलं तिकिटं देतात, सिग्नल सांभाळतात, गाडी सुटताना सॅल्यूट ठोकतात. इंजिन तेवढं मोठी माणसं चालवतात. बायको म्हणाली, "सहा वर्षांनी जाऊ. याला तिथेच कामाला लावून येऊ."

या सगळ्यावर साताऱ्याहून देखरेख होतीच. आई रोज व्हिडिओ कॉलवर. तिचे प्रश्न दोनच. पहिला, "एवढ्या थंडीत लेकराला कशाला बाहेर काढताय? छातीला वेखंड लावता का नाही?" दुसरा, कुठल्याही शहराचं नाव घेतलं की, "तिथं आयफेल टॉवर आहे का?" व्हिएन्नाला नाही. लिस्बनला नाही. "मग काय बघणार तिथं जाऊन?" पॅरिस नको, कारण पॅरिसला आमच्या ओळखीचे सगळे जाऊन आलेत आणि प्रत्येकाने 'फक्त तेवढं एक चुकवू नका' म्हणून वेगवेगळी गोष्ट सांगितली आहे, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

जाऊन आलेल्या माणसाला कधी विचारू नये, हे मी या निमित्ताने शिकलो. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने लिहिलं, "अरे, मुलांचा काही त्रास नसतो, आम्ही तर दिवसाला वीस हजार पावलं चाललो." त्याची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती आणि छातीला बांधलेली होती. तशी माझी किडनीही माझ्याबरोबर वीस हजार पावलं चालते, कधी कुरकुर केली नाही.

आता व्हिसा. आपला पासपोर्ट भारतीय, त्यामुळे इंग्लंडात राहूनही शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, काढावा लागतो. ज्या देशात जास्त राती मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. म्हणजे आधी देश ठरवा, मग अपॉइंटमेंट शोधा, असा कायदा. प्रत्यक्षात लोक आधी अपॉइंटमेंट शोधतात आणि जो देश वेळ देईल त्याच्यावर प्रेम करतात. आम्ही ज्यांची नावं घेणार नाही अशा दोन देशांच्या कॅलेंडरवर पहाटे दोन वाजता जाऊन आलो. सगळे चौकोन करडे. स्थळं बघताना पत्रिका जुळल्यावर मुलाकडचे कळवतो म्हणतात ना, तसे करडे.

अर्ज सहा वर्षांखालच्या मुलाला फुकट असतो, आम्हाला प्रत्येकी ९० युरो. पण फुकट अर्जालाच जास्त घाम गाळावा लागला. 'सध्याचा व्यवसाय' असा रकाना चिरंजीवांनाही होता. बायको म्हणाली 'विद्यार्थी' लिही. मला 'मुकादम' लिहावंसं वाटत होतं. फोटोत चेहरा निर्विकार हवा, तोंड मिटलेलं. चार वर्षांचं मूल निर्विकार फक्त झोपेत असतं, आणि डोळे उघडे हवेत ही दुसरी अट. एकोणीस फोटो काढले. विसाव्यात तो निर्विकार आला. का, ते आम्हाला खालची पँट बघितल्यावर कळलं.

शहर शेवटी आम्ही निवडलंच नाही, त्याने निवडलं. रविवारी दुपारी बायको बेल्जियमची चित्रं बघत होती, कारण ब्रसेल्सला रेल्वेने दोन तासांत पोचता येतं, विमानतळाची भानगड नाही. (तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना त्या गाडीत तिकीट लागत नाही. आमच्याला चार पूर्ण होऊन एक महिना झाला होता. अशा बाबतीत त्याचा वक्तशीरपणा वाखाणण्यासारखा आहे.) मुलगा मांडीवर येऊन बसला आणि पडद्यावर मानेकेन पिस आला. कोपऱ्यावरच्या कारंज्यातला कांस्याचा पोरगा. मूळ १६१९ सालचा, जेमतेम ५५ सेंटिमीटर उंच, आणि सगळ्या जगासमोर निवांत शू करत उभा. नावाचा अर्थही तोच.

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "याला कुणी ओरडत नाही?"

"नाही."

"झिप कोण उघडतं?"

खरंच, त्याला कपडे आहेत. हजाराच्या वर पोशाख, देशोदेशींहून भेट आलेले, त्यांचं वेगळं संग्रहालय आहे. पण कुठलाही पोशाख घातला तरी त्याचं काम थांबत नाही. आमच्या घरातल्या मूळ प्रश्नावर चारशे वर्षांपूर्वी तोडगा काढणारं गाव आम्हाला सापडलं होतं. मुलाने बोट पडद्यावर टेकवलं आणि विषय संपला. बेल्जियमच्या कॅलेंडरवर पुढच्याच आठवड्यात एक हिरवा चौकोनही दिसला. नशिबात असलं की जुळतं.

लोकांना सांगताना आम्ही अर्थातच डायनासोर सांगितले. ब्रसेल्सच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात इग्वानोडॉनचे सांगाडे आहेत, १८७८ मध्ये बेर्निसार गावच्या कोळशाच्या खाणीत ३२२ मीटर खोल सापडलेले, तीसेक. हे ऐकून ऑफिसातले लोक मान डोलवायचे. आईला मी अॅटोमियम सांगितलं. लोखंडाच्या स्फटिकाची १६५ अब्ज पट मोठी प्रतिकृती, १०२ मीटर उंच. ती म्हणाली, "म्हणजे आयफेल नाही."

तक्त्यातल्या 'शाकाहार' रकान्यात मात्र ठेच लागलीच. आमचा मुलगा घराबाहेर फक्त फ्राइज खातो आणि बेल्जियम म्हणजे फ्राइजचं माहेरघर, तेव्हा जेवणाची चिंता मिटली असं आम्ही धरून चाललो होतो. निघायच्या आदल्या रात्री वाचलं की तिथे पारंपरिक पद्धतीने ते गाईच्या चरबीत तळतात. बायको शाकाहारी, मुलगाही. म्हणजे फ्राइजवर जगणाऱ्या पोराला फ्राइजच्या देशात घेऊन जायचं आणि प्रत्येक दुकानाच्या खिडकीत वाकून विचारायचं, तेल कसलं? रात्री अकराला बॅगेतून माझी दोन पुस्तकं निघाली आणि छोटा राइस कुकर आत गेला. सोबत मेतकूट.

ब्रसेल्समध्ये डिसेंबराच्या शेवटी सूर्य पावणेनऊला उगवतो. चिरंजीव सव्वापाचला. मधल्या साडेतीन तासांत हॉटेलच्या खोलीत कुकर लावणे, मेतकूट-भात भरवणे आणि लिफ्टने एकोणीस वेळा खालीवर करणे एवढे कार्यक्रम झाले. दहा वाजता चार थर चढवून, 'आता तरी नाही ना?' असं तीनदा विचारून आम्ही त्या कोपऱ्यावर पोचलो.

गर्दी होती. सगळे हात वर करून फोटो काढत होते, त्यामुळे मुलाला खांद्यावर घेतलं. त्या दिवशी स्वारी उघडीच होती, पोशाख नव्हता. मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन वर धरला.

"अगं बाई," आई म्हणाली, "थंडीचं उघडं ठेवलंय लेकराला." मग जरा जवळून बघून, "हे बघायला एवढ्या लांब गेलात? आपल्या गल्लीत रोज सकाळी दिसतं."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. लोक येत होते, हसत होते, जात होते. माझा खांदा दुखायला लागला. बायको म्हणाली, "चला, आता डायनासोर." मुलाने माझे कान घट्ट धरले.

"थांब ना. त्याची व्हायचीय अजून."

"अरे, त्याची संपत नाही. पंपाने चालते. पूर्वी रोज हजारो लिटर पिण्याचं पाणी वाहून जायचं, २०१९ च्या सुमाराला लक्षात आलं. आता तेच पाणी पुन्हापुन्हा फिरवतात." बापाने ज्ञान द्यावं ते अशा वेळी.

तो विचारात पडला. "तीच शू तो परत पितो?"

शेजारी उभ्या असलेल्या एका जोडप्याला मराठी येत होतं, हे आम्हाला त्यांच्या हसण्यावरून कळलं. बायको दुसरीकडे बघायला लागली. मी त्याला खाली उतरवायचा प्रयत्न केला; त्याने पाय आखडून घेतले.

"बाबा, त्याची झाली की निघू. त्याला एकट्याला टाकून कसं जायचं?"

बायकोने फोनवर पाहिलं. सूर्यास्त चार बेचाळीसला होता. संग्रहालय पाऊण तासाच्या अंतरावर. ती कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन तेल कसलं ते विचारून आली, मान हलवत परत आली, आणि पिशवीतून मेतकूट-भाताचा डबा काढला.