एका वचनावर उभा असलेला आरोप

‘पर्यावरणाच्या आजच्या संकटाचे मूळ ख्रिस्ती धर्मात आहे, पृथ्वी सत्तेखाली आणा असे सांगून बायबलने माणसाला निसर्गाच्या लुटीचा परवाना दिला,’ हे विधान समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असते. त्याचा उगम बहुधा लिन व्हाइट या अमेरिकी इतिहासकाराच्या लेखात असतो. हा लेख १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच लेखाच्या शेवटी व्हाइट यांनी असिसीच्या संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाच्या अभ्यासकांचे आश्रयदाते संत मानावे असे सुचवले होते, ही गोष्ट मात्र विधान पुढे पाठवताना गळून पडते. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि हा आरोप मला लागतो. म्हणूनच त्याचे मुद्दे एकेक करून तपासावेसे वाटतात.

आरोपाचा सगळा भार उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातील पहिल्या अध्यायाच्या २८व्या वचनावर आहे. तेथे माणसाला प्राण्यांवर सत्ता चालवण्यास सांगितले आहे हे खरे, आणि ते झाकण्याचे काही कारण नाही. परंतु लगेच पुढच्या दोन वचनांत माणसाला अन्न म्हणून फक्त बी देणाऱ्या वनस्पती व फळे दिली आहेत आणि पशुपक्ष्यांना हिरवा पाला. मांसाची मुभा जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात येते. ज्या सत्तेत प्रजेला मारून खाण्याचाही अधिकार नाही, तिला लुटीचा परवाना कसा म्हणता येईल? दुसऱ्या अध्यायात माणसाला एदेन बागेत ठेवले जाते ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. पुढे यहेज्केल संदेष्टा तर चांगले कुरण चरून उरलेले पायांखाली तुडवणाऱ्यांना आणि स्वच्छ पाणी पिऊन उरलेले गढूळ करणाऱ्यांना देवाच्या वतीने थेट जाब विचारतो.

‘बायबलला आत्म्याच्या तारणाची चिंता आहे, जमिनीची नाही,’ हा आरोपाचा पुढचा भाग आहे. असे म्हणणाऱ्यांनी लेवीय पुस्तकाचा २५वा अध्याय वाचलेला नसावा. दर सातव्या वर्षी शेतात पेरणी करायची नाही, द्राक्षवेलींची छाटणी करायची नाही. जे आपोआप उगवेल ते मालक, दास, मजूर, उपरा, गुरे आणि रानातली जनावरे या सर्वांनी खावे, असा तेथे नियम आहे. पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, कारण, देव म्हणतो, जमीन माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ उपरे आहात. पुढच्या अध्यायात इशारा आहे की, हे न पाळल्यास लोक देशोधडीला लागतील आणि मग जमीन आपली बुडालेली विश्रांती भरून घेईल. यहुद्यांना बाबेलात बंदिवान म्हणून नेले गेले, त्याचा अर्थ बायबलमधील ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकाच्या अखेरीस नेमका असाच लावला आहे. येथे जमीन ही केवळ मालमत्ता नाही, माणूस तिचे देणे लागतो. हे नियम आजच्या ख्रिस्ती माणसावर शब्दशः बंधनकारक नाहीत, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्तही आहे. परंतु मग उत्पत्तीचे ते एकच वचन तेवढे सर्वकाळ बंधनकारक कसे ठरते? शिवाय बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौल रोममधील ख्रिस्ती मंडळीला लिहितो की, सबंध सृष्टी कण्हत आहे आणि तिलाही मुक्तीची आशा आहे.

इतिहासाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. उत्पत्तीचे हे वचन प्राचीन व मध्ययुगीन यहुदी आणि ख्रिस्ती भाष्यकारांनी कसे वाचले, याचा सविस्तर अभ्यास इतिहासकार जेरेमी कोहेन यांनी १९८९ साली मांडला. निसर्गाच्या शोषणाची मोकळीक असा अर्थ त्यांना त्या भाष्यांत जवळजवळ आढळला नाही. तसा अर्थ पुढे, विशेषतः सतराव्या शतकात, इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यांच्यासारख्यांच्या विचारात बळावला, आणि वसाहती वसवणाऱ्या ख्रिस्ती राष्ट्रांनी त्याचा आधार घेऊन परक्या जमिनी बळकावल्या, हे मान्य केलेच पाहिजे. तो दोष ख्रिस्ती लोकांचा आहे आणि तो लहान नाही. मात्र संकटाचे मूळ हा धर्मच असेल, तर मध्य आशियातील अरल समुद्राचे काय? कापसासाठी नद्या वळवून तो आटवला तो अधिकृतपणे निरीश्वरवादी असलेल्या सोव्हिएत राजवटीने.

‘जगाचा अंत जवळ आहे असे मानणारे झाडे कशाला राखतील?’ या प्रश्नासोबत अमेरिकेत सरकारी जमिनी व नैसर्गिक साधनसंपत्ती सांभाळणाऱ्या अंतर्गत खात्याचे माजी मंत्री जेम्स वॉट यांच्या तोंडी एक वाक्य घातले जाते: शेवटचे झाड पडल्यावर ख्रिस्त परत येईल. वॉट तसे बोललेच नव्हते. ते वाक्य वापरल्याबद्दल पत्रकार बिल मॉयर्स यांनी २००५ साली त्यांची क्षमा मागितली. १९८१ च्या साक्षीत वॉट म्हणाले होते ते असे की, प्रभू येण्यापूर्वी किती पिढ्या जातील हे ठाऊक नाही, म्हणून पुढच्या पिढ्यांना पुरेल इतकी साधनसंपत्ती जपून ठेवावी. त्यांच्या धोरणांवर टीका जरूर व्हावी, पण न बोललेल्या वाक्यावरून नव्हे.

शेवटचा आरोप असा की, चर्चची ही सारी भाषा नवी आहे, टीका झाल्यावर सुचलेली आहे. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांनी उत्पत्तीवरील १५५४ च्या भाष्यात लिहिले आहे की, शेत ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याचे उत्पन्न घ्यावे, परंतु हयगयीने जमीन नासू देऊ नये, तर ती मिळाली तशी किंवा अधिक सुधारून पुढच्या पिढीच्या हाती द्यावी. उत्तर इथिओपियातील मूळचे जंगल शेती व चराईपायी जवळजवळ संपले असताना जे तुकडे शिल्लक आहेत, ते मुख्यतः ऑर्थोडॉक्स चर्चभोवती, आपल्याकडच्या देवराईसारखे राखलेले आहेत. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल, तर फादर हर्मन बाखर या जेझुइट संघाच्या स्विस धर्मगुरूंचे घ्यावे: नगर जिल्ह्यातील दुष्काळी गावांत त्यांनी पाणलोट विकासासाठी आयुष्य वेचले आणि त्यातूनच १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट उभा केला. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतर्फे बेसुमार बांधकामांविरुद्ध आणि पाण्याच्या उपशाविरुद्ध लोकांसोबत रस्त्यावर उतरले. तेव्हा पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणावरील २०१५ चे परिपत्रक यायला दोन दशकांहून अधिक काळ बाकी होता.