घाबरू नये म्हणे!

आज सोसायटीत लिफ्टशेजारी नोटीस लागली: 'पूर आल्यास रहिवाशांनी घाबरू नये, संयम राखावा.' खाली सही-शिक्का. झाली पावसाळ्याची तयारी!

अहो, मेन स्विच तळघरात आहे. जनरेटर त्याच्याच शेजारी. पाणी जिथे सगळ्यात आधी शिरणार तिथेच वीज मांडून ठेवलीय, आणि घाबरायचं मात्र नाही.

हे बडोद्यात सांगावं लागतं? २०१९च्या ३१ जुलैला एका दिवसात वीसेक इंच पाऊस कोसळला. २०२४च्या ऑगस्टमध्ये शहरातल्या काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २६. शहरात पाऊस थांबला तरी नदी चढत राहते, कारण वरचा आजवा तलाव भरून वाहायला लागला की ते पाणी आपल्याकडेच येतं. तेव्हा खिडकीतून आभाळ बघत बसू नका, काळ्या घोड्यापाशी नदी किती चढली तो आकडा बघा. वीस फुटांच्या पुढे सरकला की गाड्या उंचावर न्या. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उभी करून बंद करा. केबिन तळाशी राहिली की खाली लोंबणारी केबल लिफ्टखालच्या खड्ड्यातल्या पाण्यात भिजते, आणि मग महिनाभर जिने चढा.

बुडालेली गाडी चुकूनही स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आतला रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडी टो करून न्या.

महापालिकेने २०२५च्या उन्हाळ्यात नदी खोदली, रुंद केली. बरं, मान्य. पण नदी खोल झाली म्हणून आपलं तळघर वर येत नाही.

खरा घोळ होतो जमिनीखालच्या टाकीत. पुरात गटारही मिसळलेलं असतं, ते झाकणाच्या फटीतून आत जातं. मग कुणीतरी शहाणा पंप चालू करतो आणि वरची टाकीही नासते. म्हणून पाणी शिरायच्या आधीच पंपाचा फ्यूज काढून खिशात ठेवा. ओसरल्यावर टाकी उपसा, घासा, भरा आणि हजार लिटरला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घ्या. ती बादलीत कालवून वरची निवळ टाकीत ओता. नळांतूनही थोडं खेळवा, बारा तास ठेवा आणि सगळं सोडून द्या. हे पाणी प्यायचं नाही! प्यायच्या पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरतात, वर तासभर थांबायचं. या दोन आकड्यांची गल्लत करू नका.

तळमजल्यावाल्यांनी संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या जाळीवर वाळूची पिशवी दाबून ठेवावी, गटार उलटं तिथूनच वर येतं. आणि पाणी उतरल्यावर जिन्याखाली आधी लांबून टॉर्च मारा. मगर असेल तर काठीने डिवचायचं नाही, मागे सरकून वनखात्याला फोन करायचा. आपल्या विश्वामित्रीत मगरी आहेत, हा विनोद नाही.

त्या नोटिशीत 'रहिवासी' लिहिलंय. पार्किंगमधल्या खोलीत चौकीदारकाका बायको-लेकरं घेऊन राहतात, ते त्यात धरले का? त्यांचा खाटेखालचा गव्हाचा डबा, गॅस, पोरांची दप्तरं कुणाकडे चढवायची, एवढं तरी आज ठरवा ना. चिडून लिहायला बसलो होतो, पण त्या खोलीचा उंबरा आठवला. चार बोटं उंच आहे.

सेक्रेटरीसाहेब, नोटिशीच्या खिळ्याला क्लबहाउसची चावी टांगा. वर मोठ्या अक्षरांत लिहा: १०१, १०८, ११२.