काढा मुरतोय म्हणे!

परवा आत्याचा फोन. "अगं, गोळ्या बंद केल्या. धण्याचं पाणी घेतेय." वय 68, मधुमेह, लघवीच्या रिपोर्टमध्ये इन्फेक्शन, आणि 5 दिवसांच्या गोळ्या 2 दिवसांतच डब्यात. कारण फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: धणे-जिरे-गोखरूचा काढा 7 दिवस घ्या, इन्फेक्शन मुळासकट जातं. अँटिबायोटिकने किडनी जाते, ते थांबवा. थंडी वाजून ताप आला तर घाबरू नका, विष बाहेर पडतंय. मूतखडाही विरघळतो. घरगुती आहे, अपाय शून्य.

तापापासूनच सुरू करते. विष बाहेर पडत नसतं, जंतू वर चढत असतात. बहुतेकदा ई. कोलाय, आपल्याच आतड्यातले. मूत्राशयातून किडनीपर्यंत पोचले की हुडहुडी भरते, कुशीत दुखतं, उलट्या होतात. तिथून रक्तात गेले तर जिवावर बेततं, मधुमेह असेल तर धोका आणखी मोठा. ज्या क्षणी दवाखान्यात पळायचं, नेमकं तेव्हाच हा मेसेज म्हणतो, बसा, काढा मुरतोय!

किडनी अधू असेल तर काही अँटिबायोटिक्स जपून द्यावी लागतात, हे खरं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, फॉरवर्ड करणाऱ्याने नव्हे.

धण्याचं पाणी आजीही द्यायची आणि बरं वाटायचं, तेही मान्य. उन्हात हिंडून पाणी कमी प्यायलं की लघवी पिवळी होते, जळजळते. आपण त्यालाही उन्हाळी म्हणतो आणि इन्फेक्शनलाही, घोळ तिथेच. पहिलीवर काढा चालतो, कारण त्यात पाणी असतं. 2018 साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला: लघवीचं इन्फेक्शन वारंवार होणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या 140 स्त्रिया. निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना 3.2 वेळा. नुसतं पाणी हो, धणे नाहीत. आणि तेही पुन्हा होऊ नये म्हणून, झालेलं बरं करायला नाही.

मूतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे, ते विरघळत नाहीत. लहान असले तर आपोआप पडतात आणि श्रेय गोखरू लाटतो. राहिलं 'घरगुती आहे, अपाय शून्य': किडनी निकामी झालेल्याला शहाळ्याचं पाणीसुद्धा जपून द्यावं लागतं, त्यातल्या पोटॅशियममुळे.

आत्याला म्हटलं, धण्याचं पाणी खुशाल पी, पण डॉक्टरांना आत्ताच फोन लाव. ती म्हणाली, "लावते गं. पण मेसेज तुझ्या आईनेच टाकलाय, तिलाही सांग."