नऊ शेपट्या दिसल्या, पण कोल्हीण कुठाय?

गेममध्ये नवीन बाई आली, डोक्यावर टोकदार कान, मागे फुललेल्या नऊ शेपट्या, की खाली कमेंट सुरू: 'किट्सुने! किट्सुने!' (जपानीत कोल्हा, कथांमध्ये रूप बदलणारा.) मला आता कंटाळा आलाय. कोल्हिणींचा नव्हे, त्या शेपट्यांचा. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मुद्दा आधीच सांगून टाकते. लोककथेत शेपटी म्हणजे कोल्हिणीविरुद्धचा पुरावा. गेमवाल्यांनी तिचा दागिना करून टाकला.

जपानमधल्या कुझुनोहाची गोष्ट घ्या. आबे नो यासुना नावाचा माणूस शिकाऱ्याच्या तावडीतून एका पांढऱ्या कोल्हिणीला सोडवतो. ती बाईचं रूप घेऊन येते, त्याच्याशी लग्न करते, मुलगा होतो, संसार व्यवस्थित चालतो. एक दिवस ती शेवंतीची फुलं बघण्यात गुंग झालेली असते आणि पोराला तिच्या शेपटीचं टोक दिसतं. झालं, खेळ खलास. ती इझुमीतल्या शिनोदाच्या रानात निघून जाते, जाताना मागे कवितेतून निरोप ठेवून. हा मुलगा म्हणजे आबे नो सेइमेई, दहाव्या शतकातला क्योतोच्या दरबाराचा ज्योतिषी. माणूस खरा होऊन गेला, आई लोकांनी त्याला नंतर दिली.

सगळी गोष्ट त्या एका टोकावर उभी आहे. आपल्याकडे हडळीच्या गोष्टी ऐकताना पोरांचं सगळं लक्ष तिच्या पायांकडे असतं ना, उलटे आहेत की सरळ? तसंच. ऐकणाऱ्याला संशय असतो, गोष्टीतल्या माणसाला नसतो, आणि मधल्या जागेत भीती बसलेली असते. शिवाय शेपट्या वयाबरोबर वाढतात, हजार वर्षांनी नऊ होतात. म्हणजे कोल्हीण जितकी ताकदवान, तितकं तिला लपवायलाही जास्त. किती सुंदर नियम आहे हा! कुठल्याही गेम डिझायनरनं यावर उडी मारायला हवी होती.

चीनच्या जुन्या 'शान हाय जिंग' या ग्रंथात छिंगछ्यू डोंगरावरच्या नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याचं वर्णन आहे. त्याचा आवाज तान्ह्या बाळासारखा, आणि तो माणसं खातो. बाई-बिई काही नाही, रूप बदलणं नाही, पण फसवणूक तिथेही हजर आहे. रानात बाळ रडतंय असं वाटून तुम्ही जवळ गेलात की संपलात.

गेममध्ये हे का टिकत नाही, त्याचं कारण तसं साधं आहे. स्क्रीनवर दहा जण एकाच वेळी मारामारी करत असताना कोण कोण आहे हे नुसत्या बाह्यरेषेवरून कळावं लागतं, आणि नऊ शेपट्यांची बाह्यरेषा लांबूनही ओळखू येते. त्यात स्किन, म्हणजे कॅरॅक्टरचे नवे पोशाख, विकायच्या असतात. ज्या शेपट्या लपवायच्या, त्याच दर सीझनला नव्या रंगात विकल्या जातात. धंदा आहे, मान्य. पण मग 'लोककथेवरून प्रेरित' असं मोठ्या तोंडानं सांगू नये.

आता 'लीग ऑफ लेजंड्स'मधल्या अहरीबद्दल बोलायलाच हवं, कारण ती या सगळ्यांत प्रसिद्ध आणि माझी थोडी आवडतीही. ती आली डिसेंबर २०११ मध्ये, गेम कोरियात उतरला त्याच सुमारास, आणि ती बेतलेली आहे कोरियाच्या गुमिहोवर, म्हणजे तिथल्या नऊ शेपट्यांच्या कोल्हिणीवर. गुमिहोच्या बऱ्याच गोष्टींत तिला माणूस व्हायचं असतं, त्यासाठी ती माणसांची काळजं खाते. एका गोष्टीत पाठशाळेत जाणाऱ्या मुलाला वाटेत रोज एक मुलगी भेटते. ती त्याचं चुंबन घेते आणि तोंडातला मणी त्याच्या तोंडात देते, परत घेते, पुन्हा देते. मुलगा दिवसेंदिवस वाळत जातो. गुरुजींना शंका येते. ते सांगतात, उद्या मणी गिळून टाक आणि लगेच वर आकाशाकडे बघ. मुलगा गिळतो, पण धडपडीत त्याची नजर आधी जमिनीवर पडते. म्हणून त्याला जमिनीवरचं सगळं ज्ञान मिळतं, आकाशातलं नाही.

अहरीच्या हातातला तो गोळा म्हणजे हा मणी, असं मी तरी मानते. गेममध्ये ती तो फेकते, तो जाताना लागतो आणि परत येतानाही लागतो. देणं-घेणं, देणं-घेणं. कुणीतरी गोष्ट नीट वाचून हे केलंय. आणि तिचं ते चुंबन! ती हवेत चुंबन फेकते, ते तुम्हाला लागलं की तुमचं कॅरॅक्टर आपोआप तिच्या दिशेनं चालायला लागतं. बटणं बडवा, काही होत नाही. मोहिनी म्हणजे काय ते त्या सेकंद-दीड सेकंदात बोटांना कळतं. एवढं करूनही एक गोष्ट हातची गेलीच: ती कोल्हीण आहे हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत असतं. मोह आहे, फसवणूक नाही.

जाता जाता, अहरीच्या विक्रीतून कोरियातल्या सांस्कृतिक वारशासाठी पैसे द्यायला गेम बनवणाऱ्या रायट कंपनीनं सुरुवात केली, आणि त्यांच्या मदतीनं अमेरिकेतल्या एका संग्रहालयातलं अठराव्या शतकातलं बौद्ध चित्र २०१४ मध्ये कोरियात परत आलं. हे मला फार आवडतं. माणसांची काळजं खाणाऱ्या बाईनं बुद्धाला घरी आणलं.

माझ्या मते खरी कोल्हीण पोकेमॉनमध्ये आहे. नाइनटेल्स नव्हे. ती १९९६ पासूनची, दिसायला देखणी, आणि तिची शेपटी ओढली तर हजार वर्षांचा शाप लागतो अशी तिची ख्याती. पण लढाईत ती आग ओकते, बस्स. मी म्हणतेय झोरोआर्कबद्दल, २०१० च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'मधल्या. त्याला एकच गुण दिलाय: भ्रम. तो मैदानात येतो तो तुमच्या संघातल्या शेवटच्या पोकेमॉनचं रूप घेऊन. नाव त्याचं, चित्र त्याचं. समोरच्याला वाटतं समोर कुणीतरी मल्ल उभा आहे. मल्लावर मानसिक शक्तीचा मारा चालतो, म्हणून तो तोच मारा करतो. आणि स्क्रीनवर येतं की काहीच परिणाम झाला नाही. कारण आतला झोरोआर्क अंधाराच्या जातीचा, आणि त्या जातीवर मानसिक मारा लागू पडत नाही. शेपटीचं टोक दिसलं ते इथे! चित्रात कुठेही नाही, नियमात दिसलं. माझा भाचा त्या क्षणी ओरडतो ते ऐकण्यासारखं असतं. आणि त्याहून मजेची गोष्ट म्हणजे लढाईआधी दोघांना एकमेकांचे संघ दाखवतात तेव्हा. समोरच्याच्या संघात झोरोआर्क आहे एवढं दिसलं की पुढे येणाऱ्या प्रत्येकावर संशय. तो आलाच नाही तरी त्याचं काम होऊन जातं.

दुसरं उदाहरण 'ओकामी'चं, कॅपकॉमचा २००६ चा गेम. (ज्यांना खेळायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडा.) यात तुम्ही लांडग्याच्या रूपातली सूर्यदेवी अमातेरासू असता आणि तुमचं हत्यार म्हणजे कुंचला. स्क्रीन थांबते, कागद होते, तुम्ही रेघ मारता आणि ती खरी होते. राओ नावाची पुजारीण तुम्हाला बराच काळ मदत करत असते. ती नऊ शेपट्यांची कोल्हीण निघते. इतकं तर इतर गेमनीही केलं असतं. पण तिच्याशी लढताना तुम्ही कुंचला उचलता आणि तुमच्याच कागदावर ती तिची रेघ मारते. इतका वेळ ज्या एका गोष्टीवर तुमचा हक्क होता, तिथे ती येऊन बसते. मी कंट्रोलर खाली ठेवून नुसती बघत राहिले होते.

'मग सगळ्या कोल्हिणी लबाडच हव्यात का?' असं कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगते, नाही. जपानमध्ये इनारी या भातशेतीच्या देवतेचे दूत म्हणजे कोल्हे, आणि ते भले असतात. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये कोल्हा पुढे पळतो, तुम्ही मागे जाता, तो इनारीच्या देवळीशी नेऊन सोडतो, तुम्ही त्याला कुरवाळता. यात खोट काही नाही. 'स्टार फॉक्स' तर विमानांचा गेम, १९९३ चा. पण कमानींतून उडत जायची कल्पना निनतेंदोचे गेम डिझायनर मियामोतो यांना सुचली ती क्योतोतल्या फुशिमी इनारी देवळाच्या लाल तोरणांच्या, म्हणजे कमानींच्या, रांगांवरून. निनतेंदोचं ऑफिस तिथून जवळच. जिथे तोरणं, तिथे कोल्हा, म्हणून नायक कोल्हा. प्रेरणा असावी तर अशी, शेपटी न चिकटवता. 'सॉनिक' गेममधल्या टेल्स या छोट्या कोल्ह्याबद्दल मी काही बोलणार नाही. दोन शेपट्या पंख्यासारख्या फिरवून उडणाऱ्या पोराला लबाडी शिकवायला जाऊ नये.

'गेनशिन इम्पॅक्ट' या गेममधली कोल्हीण याए मिको मला बोलण्यात आवडते, लढण्यात नाही. ती मनातलं कधी सांगत नाही, गोड बोलून काम करून घेते, तळलेल्या तोफूवर जीव टाकते (जपानी कोल्ह्यांचा आवडता खाऊ). तिच्या एका शक्तीच्या नावात 'सेश्शो' आहे. तो इशारा आहे सेश्शो-सेकीकडे, म्हणजे जपानमधल्या नासू इथल्या मारक दगडाकडे. तामामो-नो-माए ही निवृत्त सम्राट तोबाची लाडकी, दरबारी ज्योतिषानं तिला कोल्हीण म्हणून ओळखलं, नासूच्या माळावर मारली गेली आणि तिचा दगड झाला, अशी कथा. याए मिको गेममध्ये आली फेब्रुवारी २०२२ मध्ये, आणि मार्चमध्ये तो खरा दगड दुभंगलेला सापडला. दगडाला आधीपासून भेगा होत्या, त्यांत पाणी मुरलं असणार. पण इंटरनेटनं आठवडाभर काय काय म्हटलं ते आठवत असेलच.

आता आपल्या कामाची गोष्ट. तामामो जपानला यायच्या आधी चीनमध्ये होती, आणि त्याच्या आधी भारतात! एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) जपानी कथांमध्ये ती इथे कायो नावाची राणी होती, हान्झोकू राजपुत्राची. त्याला भरीला घालून हजार मुंडकी उडवायला लावणारी. हा हान्झोकू म्हणजे जातककथांतला आणि महाभारतातला आपला कल्माषपाद. जपानी चित्रकार कुनियोशीनं एकोणिसाव्या शतकात त्याचं आणि नऊ शेपट्यांच्या कोल्हिणीचं चित्रही काढलंय. आणि राणीला पकडतो कोण? जीवक, बुद्धाचा वैद्य. तो तिची नाडी बघतो आणि म्हणतो, ही माणसाची नाडी नाही.

शेपटी नाही, नाडी! पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' काढून दाखवलाय, म्हणजे आपल्या कथांवर गेम करणारे हात इथे आहेत. कुणीतरी ही गोष्ट घ्या. तुम्ही जीवक. महालात सात राण्या, सगळ्या सारख्याच गोड बोलणाऱ्या. मनगट हातात घेतलं की कंट्रोलरमध्ये ठोके जाणवतात, आणि एकीचा ताल किंचित वेगळा. हळद लावून, काढा पाजून पुन्हा बघता येईल, पण वेळ कमी. आणि चुकीच्या राणीचं नाव घेतलंत, तर राजाला हजार मुंडकी भरायचीच आहेत, त्यात एक वैद्याचं.