म्हणे व्यायाम घरातही करता येतो

"व्यायाम काय, घरातही करता येतो. त्यासाठी टेकडी कशाला हवी?" आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावसभावाने, म्हणजे दादाने, हे टाकलं, त्याखाली पटापट अंगठे उगवले आणि माझी संध्याकाळ त्यातच गेली. विषय पुण्यातल्यांना पाठ आहे. शहरातली वेताळ टेकडी, तिच्यावरून आखलेला बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंतचा रस्ता, टेकडीच्या पोटातून न्यायचे बोगदे. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवायला मोठा मोर्चाही निघाला होता. दादाच्या मते लॉ कॉलेज रोडवर रोज अडकणारी हजारो माणसं एकीकडे आणि हवा खायला जाणारे मूठभर पेन्शनर दुसरीकडे, यात निवडायचं काय आहे?

हाच दादा दिवाळी सरली की हिवाळी व्याख्यानमाला सुरू करतो. थंडी हा शरीर कमावायचा ऋतू, अग्नी प्रदीप्त असतो, आयुर्वेदातल्या वाग्भटाने सांगितलंय की थंडीत निम्मी ताकद लागेल इतका व्यायाम करावा, आळस झटका, पहाटे उठा. सोबत डिंकाच्या लाडवांचा फोटो. म्हणजे वाग्भट हवा, लाडू हवेत, फक्त चालायची जागा नको.

मी ऑस्लोत राहते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य सव्वानऊच्या पुढे उगवतो आणि सव्वातीनच्या आत मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, सुटताना अंधार. तब्येत राखणं नुसत्या इच्छाशक्तीवर चालत असतं, तर हा देश नोव्हेंबर ते मार्च पांघरुणातच पडून राहिला असता. नॉर्वेजियन माणूस मुळातच कणखर वगैरे जे बोललं जातं, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. आमच्या मजल्यावरचा गृहस्थ कचऱ्याची पिशवी दोन दोन दिवस दाराशी ठेवतो, तोच मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता स्की खांद्यावर टाकून टी-बानेत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चढलेला दिसतो. कारण त्याचं ऑफिस चारला सुटतं. गाडीत स्की नेली तर कुणी वळून बघत नाही. शेवटच्या स्टेशनवर उतरलं की समोर लीसलॉइपे, म्हणजे स्कीची वाट, रात्री उशिरापर्यंत दिवे लागलेली, आणि त्या वाटेवरचा बर्फ आदल्या रात्री यंत्र फिरवून कुणीतरी नीट करून ठेवलेला. त्याला ठरवायला असं फारसं उरतच नाही.

या सगळ्याला पैसा लागतोच. ग्रुपवर तेच आलं: "तुमच्या अख्ख्या देशात पंचावन्न लाख डोकी, खाली तेल. आम्हाला काय शिकवतेस?" डोक्यांचा मुद्दा मान्य. तेलाचा नाही. इथे समुद्रात मोठं तेल सापडलं १९६९ साली. जंगलातल्या वाटा सांभाळणारी स्कीफोरेनिंगेन ही संस्था १८८३ ची. होलमेनकोलेनच्या डोंगराकडे जाणारी रेल्वे १८९८ ची, तेव्हा हा देश आजच्यासारखा श्रीमंत नव्हता आणि त्या काळात इथली माणसं बोटी भरभरून अमेरिकेला जात होती. दुसऱ्याच्या मालकीच्या रानातूनही कुणालाही पायी हिंडता येईल, हा हक्क कायद्यात लिहिला गेला १९५७ मध्ये. तेल आल्यावर केलेली मोठी गोष्ट म्हणजे २००९ चा मार्का कायदा. मार्का म्हणजे शहराभोवतीचं रान; त्याच्या जवळजवळ १,७०० चौरस किलोमीटरची हद्द आखून टाकली, त्याच्या आत बांधकाम नको. घरं महाग झाली, हद्द थोडी सरकवू या, असं म्हणणारे दादा इथेही आहेत. पण जंगल कशाला हवं, लोकांनी बैठकीच्या खोलीत घाम गाळावा, असं बोलायची हिंमत माझ्या ऐकण्यात तरी कुणाला झालेली नाही.

काही गोष्टी मी ग्रुपवर लिहिल्या नाहीत, त्या इथे लिहिते. थंडी कडक आणि वारा पडलेला असला की ऑस्लोची हवाही खराब होते, खिळेवाल्या टायरांनी खरवडलेल्या डांबराची धूळ नाकात जाते. फुटपाथवर बर्फ वितळून पुन्हा गोठला की लेगेवाक्तमध्ये, म्हणजे तातडीच्या दवाखान्यात, मनगट मोडलेल्यांची रांग लागते. शहरातला बर्फही आता पूर्वीसारखा टिकत नाही. भांडणात असल्या गोष्टी कोण सांगतं?

पुण्यात डिसेंबरमध्ये दहा-बारा अंशांवर पारा आला की वर्तमानपत्रात 'हुडहुडी' छापून येतं. मला हसू येतं. इथली तान्ही पोरं शून्याखालच्या हवेत दुपारी बाहेर बाबागाडीत झोपतात. पण हसून झालं की हेवा वाटतो. सकाळी सहाला कानटोपी घालून निघावं, पायात साधे बूट, बर्फासाठी बुटांना लावायचे खिळ्यांचे ब्रोडर नकोत, अंधारात चमकणारा रिफ्लेक्स नको, लोकरीचे तीन थर नकोत. पंचवटीकडून, गोखलेनगरकडून, चतुःशृंगीमागून, पाषाणकडून, जिकडे घर असेल तिकडून चढावं. वर खाणीतलं पाणी, मोर ओरडत असतात, उन्हं यायच्या आत अर्धं पुणं पायाखाली दिसतं. असा हिवाळा मिळावा म्हणून इथली माणसं जानेवारीत विमानाची तिकिटं काढून दक्षिणेला पळतात. तो पुण्याला दरवर्षी फुकट मिळतो, आणि आपण विचारतो की टेकडीवर जातं कोण.

जातं कोण, तर दादाची आई जाते. आमची मावशी सत्तरी ओलांडलेली आहे. साडी, त्यावर स्वेटर, पायात नातवाचे जुने स्पोर्ट्स शूज. तिच्याबरोबर सोसायटीतल्या तीन-चार बायका असतात आणि त्यांचं चालणं निम्मं गुडघ्यांसाठी, निम्मं सुनांबद्दल बोलण्यासाठी असतं. ती जिममध्ये कधीच जाणार नाही. घरात व्यायाम करायचा तर कुठे करणार? हॉलमध्ये नात ऑनलाइन क्लासला बसलेली, एका बेडरूममध्ये सुनेची मीटिंग, दुसरीत दादा स्वतः वाग्भट फॉरवर्ड करत बसलेला. खाली रस्त्यावर चालावं तर फुटपाथवर गाड्या लावलेल्या. म्हातारपणी पाय चालते राहायचे असतील तर घरापासून पायी जाता येईल अशी चढाची वाट लागते, आणि ती रोज लागते. रस्ता झाला, तरी मावशी बोगद्यातून चालायला जाणार नाही.

मग आलं ते हक्काचं अस्त्र. "एवढा कळवळा आहे तर ये परत." यावर ग्रुपवर शांतता पसरली. आमच्याकडे एवढं स्पष्ट कुणी बोललं की सगळे जेवायला जातात.

मी परत जाणार नाही, हे दादालाही माहीत आहे. पासपोर्ट अजून भारताचा ठेवलाय, त्याचा मला थोडा अभिमानही आहे, पण मतदानाच्या दिवशी तिथे हजर असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. तिथे तरी काय, मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते. इथे मात्र तीन वर्षं राहिलेल्या परक्यालाही नगरपालिकेसाठी मत देता येतं, आणि मी ते देते, मार्काच्या हद्दीबद्दल कोणता पक्ष काय म्हणतो हे वाचून देते. ते रान मला माझं वाटत नाही तरी देते. बुटांनी चालणाऱ्यांनी स्कीच्या रुळांवर पाय न ठेवता कडेने जायचं असतं, आणि मी कायमची कडेने जाणारी आहे. जिन्यात मान वर न करणारी माणसं तिथे जंगलात हसून 'हाय' म्हणतात, मीही म्हणते. सोमवारी ऑफिसात कॉफी घेताना सगळे विचारतात, रविवारी कुठे फिरून आलीस. मी सांगते. ट्रानचा, म्हणजे कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा, चमचाही सप्टेंबर ते एप्रिल नेमाने घेते. तरी धाप लागली की मनात मोजते त्या पर्वतीच्या पायऱ्या.

मागच्या डिसेंबरात मुलाला घेऊन वेताळ टेकडी चढले. तो स्कीवरच मोठा झालाय. वर पोचल्यावर म्हणाला, "आई, हे एवढंच?" दादाचा जितका राग आला नसेल तितका मला त्याचा आला. त्याला खाण दाखवली, मोर शोधून दाखवला, वेताळाच्या देवळापाशी नेलं, आणि बोलता बोलता लक्षात आलं की आपण एखादी जागा विकायला निघाल्यासारखं बोलतोय.

भांडणानंतर चार दिवसांनी दादाचा वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही, एकट्या मला. आई टेकडी उतरताना मुरमावरून घसरली, लागलं नाही फारसं, पण तुमच्याकडे बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात ना, येताना एक जोडी आण. मी कळवलं की ब्रोडर बर्फासाठी असतात, दगडमातीवर त्यांचे खिळे झिजतात आणि पाय उलट जास्त सरकतो. त्यापेक्षा तिला तिच्या मापाचे, चांगल्या तळव्याचे बूट घे, नातवाचे जुने पुरे झाले. आणि ती कुठल्या वाटेने उतरते ते एकदा सकाळी तिच्याबरोबर जाऊन बघून ये.