खालचा सूर कोणाचा?

रात्रीचे साडेबारा वाजलेत. झोप येत नाही, म्हणून लिहितेय.

ताज हॉटेलच्या जुन्या बँडचे प्रमुख मिकी कोरिया यांच्या स्मरणार्थ आज बिग बँडचा, म्हणजे जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. सतरा वादक. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, शिवाय पियानो, गिटार, बास, ड्रम्स. काय वाजवलं त्यांनी! पण त्याआधी दीपप्रज्वलन, शाली, नारळ, भाषणं. प्रायोजकांची नावं तीनदा. आणि वादक? तिघांची नावं घेतली, बाकीचे चौदा ‘आणि त्यांचे सहकारी’.

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

आमच्या गिरगावातल्या इमारतीत वरच्या मजल्यावर मूळचे गोव्याचे एक अंकल राहायचे. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला सॅक्सोफोन वाजवायचे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कपाटाचं दार उघडून, लटकवलेल्या कोटांत तोंड घालून रियाज करायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. रेडिओवर गाणं लागलं होतं, मी विचारलं, “अंकल, हे तुम्ही?” त्यांनी एक बोट वर केलं, गाण्यातला तुकडा जाऊ दिला आणि म्हणाले, “वरचा तो दुसरा गं पोरी. मी त्याच्या खालचा.”

मला तेव्हा खालचं काही ऐकूच आलं नव्हतं.

आज आलं. पाच सॅक्सोफोन उभे राहून एकच चाल वाजवतात, पण प्रत्येकाचा सूर वेगळा. आपल्या कानाला वरचा कळतो. खालचा एक काढून घेतला तर काय गेलं ते सांगता येणार नाही, पण नाद पातळ होईल, पाणी घातलेल्या आमटीसारखा. कोरिया स्वतः सॅक्सोफोन वाजवायचे. मोंबासात जन्मलेला, कराचीहून मुंबईत आलेला हा माणूस 1939 पासून वीसेक वर्षं ताजमध्ये बँड चालवत होता. बँड चालवणं म्हणजे हे खालचे सूर सांभाळणं! त्याच्याच नावाच्या कार्यक्रमात त्या माणसांना ‘सहकारी’ म्हणून मोकळं व्हायचं?

कबूल आहे, सतरा माणसं तालमीला जमवणं, हॉलचं भाडं भरणं सोपं नाही, आणि प्रायोजकांशिवाय हे झालंच नसतं. पण सतरा नावं वाचायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आपली ही सवय जुनीच. अंकलसारखी ही वादक मंडळी गोव्यात चर्चच्या शाळेत नोटेशन, म्हणजे सूर लिहिणं-वाचणं, शिकून मुंबईत आलेली. हॉटेलांत वाजवायची, स्टुडिओतही जायची. 1950 च्या सुमारास दारूबंदी आली, क्लबांचं काम आटलं, मग पोटासाठी स्टुडिओच उरला. ‘अलबेला’ सिनेमा म्हटलं की आपण संगीतकार अण्णा चितळकर (सी. रामचंद्र) आणि भगवानदादांचं नाव घेतो, घ्यायलाच हवं. पण अण्णांचा सहायक असलेला चिक चॉकलेट किती जणांना आठवतो? तो तर ट्रम्पेटचा बादशहा. त्याची ही गत, तर मागच्या रांगेत बसणाऱ्याची काय असणार! रेडिओवर गायक सांगायचे, संगीतकार सांगायचे, गीतकार सांगायचे. अंकल शेवटपर्यंत ऐकत बसायचे, मग उठून रेडिओ बंद करायचे. चिडायचे नाहीत. त्यांच्या वतीने मी आज चिडतेय.

मध्यंतरानंतर एक संथ चाल घेतली. दिवे मंद, ब्रशने ड्रम, आणि सॅक्सोफोन असे दबक्या आवाजात की मला थेट ते कोटांचं कपाट आठवलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला म्हटलं तरी चालेल. तेवढा वेळ राग कुठे गेला कळलं नाही. शेजारचा माणूस मोबाईल वर धरून शूटिंग करत होता, त्याचंही काही वाटलं नाही.

घरी येताना आईला फोन केला. विचारलं, वरच्या अंकलचं नाव काय गं? तिने आडनाव लगेच सांगितलं. नाव आठवेना. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “आपण अंकलच म्हणायचो ना.” अकरा वर्षं एका जिन्याने वर-खाली केलं आम्ही.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजमागे गेले होते. सॅक्सोफोनवाले वाद्यं पुसून पेटीत ठेवत होते. पाचही जणांची नावं विचारली, तिकिटाच्या मागे लिहून घेतली. दुसऱ्या आल्टो सॅक्सोफोनवाल्याने स्वतःच्या नावाचं स्पेलिंग दोनदा सांगितलं. त्यांना न विचारता इथे देत नाही, उद्या फोन करून विचारते. ट्रॉम्बोन आणि ट्रम्पेटवाले तोवर निघून गेले होते. तुमच्यापैकी कोणी आज तिथे होतं आणि त्यांना ओळखत असेल, तर मला मेसेज करा.